सव्वा मूठ ललितची

खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसण्याआधी भाऊबंदांत रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू घेतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. शिरपूरजवळच्या खेड्यातल्या ताईबाईंच्या घरातून दरवर्षी एकच नाव निघायचं, नवऱ्याचं, अभिमन. एकुलती मेघा सासरी, आणि मुलींच्या नावाची मूठ तशीही नसते. त्या श्रावणात मात्र ताईबाईंनी दुसरी मूठ भरली आणि म्हणाल्या, "ललित."

"हाऊ कोन शे वं?" मोठ्या जाऊबाईंनी विचारलं. "आपला भाऊबंदमा ते कोनी नही."

"मोबाईलमाना. गाडीवर फिरस तो."

"त्याले आपलं कूळ तरी माहीत शे का?"

"रोज 'घरच्यांनो' म्हनस तो."

हे खरं होतं. ललित रोज व्हिडिओच्या सुरुवातीला जेवणाचं ताट दाखवून 'काय म्हणता घरच्यांनो' असं म्हणायचा, आणि सहा लाख घरच्यांपैकी ताईबाई तेवढ्या उत्तर द्यायच्या. 'जेवला का बाळा.' दोन वर्षांत त्याने एकदा त्याखाली बदाम टाकला होता. तो बदाम मेघाला, जाऊबाईंना आणि दूधवाल्याला दाखवून झाला होता.

रोट झाले. आता नियम असा, की रोट भाऊबंदांनीच खायचे, परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेपर्यंत संपवायचे. नावाचा वाटा उरला तर त्या माणसाला बाधतं. ललित घाटातून मोटारसायकल चालवायचा. ताईबाईंची झोप गेली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो धुळ्यात एका मोबाईलच्या दुकानाचं उद्घाटन करायला येणार होता. याला ताईबाईंनी कानबाईची कृपा म्हटलं, दुकानदाराने जाहिरात म्हटलं. स्टीलच्या डब्यात त्याच्या नावाचे दोन रोट घेऊन त्या दोन तास रांगेत उभ्या राहिल्या.

ललित हसला, खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. "थँक्यू काकू."

"एक घास तरी खा बाळा. तुना नावना रोट शेत."

"गहू बंद आहे माझा, काकू. डाएट." त्याने डबा शेजारच्या पोराकडे दिला. "तुम्ही खाऊन टाका रे."

परवाच त्याने मिसळीबरोबर चार पाव संपवले होते. ताईबाईंनी त्याखाली 'पोटभर खा' असं लिहिलंही होतं. पोराच्या हातातून त्यांनी डबा काढून घेतला. "परकासले चालत नही," एवढंच म्हणाल्या. रांगेत कोणीतरी हसलं, म्हातारी दिलेला प्रसाद परत घेते म्हणून.

दुसऱ्या दिवशी, पौर्णिमेला, डबा चुलीशेजारी तसाच होता. अभिमन आबा शेतातून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. गेली दोन वर्षं त्यांनी ललितविषयी एक शब्द काढला नव्हता. जेवताना समोर मोबाईल उभा असायचा, ते आपले जेवायचे.

"आन इकडे," ते म्हणाले. "मी खाई लेस."

"तुमना नावना नहीत ते."

"घरनाच शेत ना."

रोट वाळून खापरीसारखे झाले होते. आबांचे खालचे दात चारच. ते दुधात बुडवून बुडवून दोन्ही रोट खात बसले, तासभर. ताईबाई समोर बसून राहिल्या. मोबाईल फळीवर होता.

पुढच्या श्रावणात जाऊबाईंनी सूप पुढे केलं. "एक का दोन?"

"एक."

ललितला त्या अजून बघतात. सवय आहे. फक्त सुरुवातीचं वाक्य बोटाने पुढे सरकवतात.