फडावर शिकवणारे फादर

बंगळूरहून फोन आला तेव्हा मी अंगणात शेवया वाळत घालत होते. पलीकडून एका तरुण धर्मगुरूंनी सांगितलं, "फादर मिनेझिस पहाटे गेले. त्यांच्या वहीत तुमचा नंबर होता." त्याला आता दीड महिना झाला... पण फादर आठवले की रडू यायच्या आधी हसूच येतं.

फादर जेझुइट संघाचे, मूळचे मंगळूरकडचे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या धामधुमीच्या वर्षांत ते गंगाखेडला आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला आले. अंगात खादीचा सदरा आणि तोंडात पुस्तकी मराठी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अख्खा वर्ग बाजारात नेला. दिवस मावळताना गिऱ्हाईक कमी होतं, भाव उतरतो, हे त्यांना दाखवायचं होतं. वांगीवाली मावशी मात्र बधेना. "घरी नेऊन शिजवीन, पर भाव न्हाई पाडायची!" फादर पोट धरून हसले. "मावशी, तुमच्यासाठी पुस्तकात नवं प्रकरण घालावं लागेल," म्हणत त्यांनी तिच्याच भावात सगळी पाटी घेतली. दुसऱ्या दिवशी वर्गात भरीत-भाकरी!

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझी आई आजारी पडली. ऊसतोडीला जोडीनंच जावं लागतं, म्हणून तिच्या जागी मी आबांबरोबर, माझ्या वडिलांबरोबर, उसाच्या फडावर गेले. शिक्षण संपलं असं मनाशी धरूनच गेले. तिसऱ्या रविवारी बघते तर बांधावरून फादर चालत येतायत, एसटीतून उतरून, धुळीनं पांढरे झालेले. म्हणाले, "सुमन, तू शिकायला येत नाहीस, म्हणून मी शिकवायला आलो."

मग हंगाम संपेपर्यंत दर रविवारी ते येत राहिले. मी वहीत उतरवून घेत बसले की तेवढ्या वेळात माझा कोयता घेऊन ते उसाला भिडायचे. आबा लांबूनच ओरडायचे, "फादर, तुमी ऊस तोडायलाय का सोताचा पाय? सरका तिकडं!"

परीक्षेच्या अर्जाची वेळ आली आणि माझी हजेरी कमी भरली. अर्ज पाठवायचा नाही, असं प्राध्यापकांच्या बैठकीत ठरतच आलं होतं. तेव्हा फादर उठले. काय बोलले, ते तिथं चहा द्यायला गेलेल्या शिपाईकाकांनी मला सांगितलं. "बंदमुळे बुडालेले दिवस आपण सगळ्यांना माफ केले. मग पोटासाठी बुडालेले का नाही?" अर्ज गेला, मी पास झाले आणि पुढं अर्थशास्त्रच तीस वर्षं शिकवलं.

फादर नंतर दक्षिणेतल्या एका विद्यापीठाचे कुलसचिव झाले. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या मुलांना हजेरीत सवलत देणारा नियम त्यांनी तिथं आणला. ते कसं जमलं, हे पत्रात लिहिलं होतं : "विरोध लय झाला. शेवटी मी विचारलं, इथं ऊस कुणी तोडलाय? आणि मीच एकट्यानं हात वर केला. ठराव मंजूर!"

फोन आला त्या दिवशी आबांना सांगितलं. आता ते नव्वदीला टेकलेत. ऐकून म्हणाले, "फोटो हाय का त्येंचा?" माझ्या पदवीदानाच्या दिवशीचा होता. तो मोठा करून, चौकट करून आणला. मी हार घालायला गेले तर आबांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे, पोरी. हार घातला की मेलेल्या मानसावानी दिसत्यात."

समोरच्या खोलीत फादर तसेच आहेत, बिनहाराचे, दात दाखवून हसणारे.