खिडकीसमोरचा फोटो

एक्स-रेवाल्यांनी पस्तीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात माणसांची हाडं टिपली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी डिजिटल कॅमेरा दिला आणि ते चेहऱ्यांच्या नादी लागले. इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांचा धड एक फोटो नसतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते एकेकाला दारात, गॅलरीत बसवून फोटो काढत आणि छापून नेऊन देत.

छपाई घरीच. शिवणयंत्राच्या जागी प्रिंटर आला तेव्हा बायको म्हणाली होती, की हा माणसांपेक्षा जास्त पितो. शाई खरंच भराभर संपायची, आणि आठवडाभर हात लावला नाही तर नळी सुकून फोटोतल्या चेहऱ्यावर पट्टे उमटायचे. बाजारातल्या फोटोच्या दुकानात कॅमेऱ्याचं कार्ड घातलं की फोटो देणारं यंत्र आलं होतं. एक्स-रेवाले तिथे एकदाच गेले. यंत्राने फोटो कागदात बसवण्यासाठी परस्पर वरखाली कापला आणि बायकोचा अंबाडा उडाला. ते तडक परत आले. आपलं काम आपल्या डोळ्यांसमोर झालेलं बरं, हा त्यांचा हट्टच होता.

तीन वर्षांनी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने त्यांना आपला फोटो दाखवला. चेहरा पिवळट, शर्टाचा निळा रंग पार उडालेला. शिंपी तक्रार करत नव्हता, उलट हसत म्हणाला की आपण फोटोतसुद्धा म्हातारे झालो. एक्स-रेवाल्यांना मात्र जेवण गेलं नाही. त्यांनी काढलेली हाडांची फिल्म वीस वर्षांनीही वाचता यायची. त्यांनी दिलेले चाळीसएक फोटो आता घरोघरी फिके पडत चालले होते.

दुसऱ्या दिवशी ते कार्ड घेऊन दुकानात गेले. दुकानातल्या बाईने पडद्यावरचं एक बटण दाखवलं. ते दाबलं की यंत्र काही कापत नाही, कडेला पांढरी पट्टी सोडतं. वर पारदर्शक थर चढतो, म्हणून हे फोटो उन्हात जास्त टिकतात, असंही तिने सांगितलं. इतकी वर्षं आपण त्या बटणाकडे पाहिलंच नाही, हे त्यांनी बायकोपाशी कबूल केलं. ती नुसती हसली.

मग ते दारोदार फिरले. जुना फोटो घ्यायचा, नवा द्यायचा. सगळ्यांनी आनंदाने दिले. अडलं ते फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या आजींपाशी. त्यांच्या यजमानांचा फोटो खिडकीसमोरच्या भिंतीवर होता. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटोत आता चष्म्याची काडी आणि हनुवटीची सावली एवढंच नीट दिसत होतं.

आजींनी नवा फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "छान आलाय," त्या म्हणाल्या. "पण जुना नेऊ नका, भाऊ."

"आजी, त्यात काही दिसत नाही हो."

"तुम्हाला दिसत नाही. मी रोज सकाळी त्याच्याशीच बोलते. तो माझ्यासमोर हळूहळू पुसट होतोय, तशी मलाही सवय होतेय. हा एकदम समोर आला की हे आत्ताच गेल्यासारखं वाटतं."

एक्स-रेवाल्यांनी जुन्या फोटोकडे नेलेला हात मागे घेतला. चूक दुरुस्त करायला आले होते, आणि इथे त्यांच्या चुकीला कुणी धरून बसलं होतं. त्यांनी फोटो तिथेच राहू दिला. आजींनी नवा फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवला, नातवंडांसाठी.

निघताना आजींनीच थांबवलं. स्वतःचा एक फोटो काढून मागितला. "पण हा त्या दुकानातल्या यंत्रावरचा हवा. मला इतक्यात पुसट व्हायचं नाही."

त्यांनी आजींना गॅलरीत बसवलं. आजींनी पदर सारखा केला, दात नाहीत म्हणून तोंड मिटलं, आणि कॅमेरा वर येताच विसरून हसल्या. तोच फोटो त्यांनी दुसऱ्या दिवशी छापून आणला, आणि ऊन पोचत नाही अशी जागा शोधून दाराशेजारी स्वतः खिळा ठोकून लावला.