सोबतीला सोडलेला उंदीर

आमची नणंद प्रयोगशाळेत जंतू घडवते. माणसांशी मात्र तिचं फारसं जमत नाही. मला ताप आला तर दारातूनच "गोळी घेतलीस का?" विचारून ही पसार! वर मलाच ऐकवते, "वहिनी, तुझं मन फार हळवं."

तिचं काम तिनं मला भांडी विसळता विसळता समजावलं होतं. पोटातले वाईट जंतू म्हणे एकेकटे वार करत नाहीत. एक रसायन सोडून एकमेकांना खुणावतात आणि पुरेसे जमले की तुटून पडतात. हिनं एका गरीब जंतूत असा फेरफार केला, की तो ती खूणच खाऊन टाकतो. चोरांना साथीदाराची शिट्टीच ऐकू आली नाही, तर घर फोडणार कोण?

हिची नोकरी कायम होणं एका चाचणीवर अडलं होतं. दोन पिंजऱ्यांतले उंदीर आजारी पाडायचे, हिचा जंतू एकाच पिंजऱ्याला द्यायचा. फरक दिसला की नोकरी पक्की.

नेमका तिथला हीटर बंद पडला. जंतू न मिळालेले उंदीर कोपऱ्यात कुडकुडत पडले. बाईसाहेबांना आला कळवळा! पलीकडच्या, जंतू दिलेल्या पिंजऱ्यातला एक धट्टाकट्टा उंदीर उचलला आणि ऊब म्हणून त्यांच्यात सोडला. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, हे ही स्वतः नव्या लोकांना शिकवते, बरं का! लेंड्यांतून हिचा जंतू सगळ्यांच्या पोटात गेला.

"सगळे बरे झाले," तिनं घरी येऊन कपाळाला हात लावला. "वाटोळं झालं, वहिनी."

"मग गप्प बस की! कुणाला कळणार आहे?"

"गप्प बसले तर साहेब म्हणतील, जंतू न देताही उंदीर बरे होतात. मग माझा जंतू बिनकामाचाच ठरला ना!"

तिनं सगळं सांगून टाकलं. साहेबांनी शिस्तीवर व्याख्यान झोडलं आणि चाचणी तिच्या धाकट्या सहकाऱ्याकडे दिली. माझा नुसता तिळपापड झाला.

त्याची चाचणी फत्ते झाली. कायमची नोकरीही त्यालाच मिळाली. सत्काराला ही गेली, टाळ्याही वाजवल्या म्हणे.

घरी आल्यावर मात्र ताटाला हात लावेना. मला वाटलं, नोकरीचं दुःख.

"त्याच्या जंतू न दिलेल्या पिंजऱ्यातला एकही वाचला नाही गं," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

आणि म्हणे मन माझं हळवं!