मंगलचा अडखळलेला धडा

मैत्रिणींनो, हसतखेळत शिकलेलं मूल खरंच शिकतं का? मला सांगता येत नाही.

आठवडाभर माझ्या तिसरीच्या वर्गाने केळीच्या पानांची लांबी मोजली, एसटीच्या पाट्या वाचल्या, मातीचे डोंगर केले. आज मंगलचे आजोबा, नाना, वर्गाच्या दारात आले.

“बाई, हाई शाळा शे का खेळ? सोमवारपाईन पोरले कापूस वेचाले धाडसू.”

“नाना, सोमवारपासून तिला शेतात पाठवू नका. तिला वाचता येतं. ऐका.”

मंगल पुस्तकातल्या धड्याच्या दुसऱ्याच ओळीत अडखळली.

“देखा!” म्हणत नाना निघून गेले.

खेळ मी बंद करणार नाही. पण आज दिवेलागणीला मी नानांच्या ओट्यावर गेले. मंगलला शेजारी बसवून तिच्याकडून तो धडा शेवटपर्यंत वाचून घेतला. नाना ऐकत होते. सोमवारी ती शाळेत येईल की शेतात जाईल, तेही मला अजून सांगता येत नाही.