फोटो निवळायचं पाणी

मागच्या पावसाळ्यात आम्ही सरकारी फाईलला जोडलेले सगळे फोटो एकमेकांना चिकटले. आमच्या किनाऱ्यावर एक बंगलेवाला कुंपण घालायला निघाला होता. रापणीचं जाळं होडीतून समुद्रात सोडतात आणि गाव दोन्ही बाजूंनी रांगा लावून ते वाळूवर ओढतं. नेमकी तीच जागा तो अडवत होता. तिथे रापण ओढली जाते याचा पुरावा म्हणजे ते फोटो. नवीन साहेब गठ्ठा सोडवायला गेले आणि हातात नुसती सालपटं आली. "यात काही दिसत नाही. मंगळवारी सुनावणी आहे, पुरावा आणा."

दिसत नाही! कपाट तुमचं, ओल तुमची, आणि पुरावा आम्ही आणायचा!

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. राग आला की कागद शोधते. या वेळी कागद सापडला सावंतवाडीला, चित्रकलेच्या एका निवृत्त सरांकडे. ते पॅलेडियम नावाच्या धातूचे फोटो हातानं बनवतात. साध्या फोटोत चित्र वरच्या चिकट थरात असतं. पावसाळ्यात तोच थर फुगतो, त्यालाच बुरशी धरते. यात थरच नाही. चित्र म्हणजे धातू, आणि तो थेट कागदाच्या धाग्यांत जाऊन बसतो. चिकटायला काही उरतच नाही! मी खुर्चीतून उठलेच.

सर त्यांचा लाकडी कॅमेरा घेऊन आले. रापणकरांना म्हणाले, "एक सेकंद हलू नका." रापणकर आणि न हलणं! शेवटी मासे विकणाऱ्या काकीनं युक्ती काढली. दोर ताणून धरायला लावला. ताणला की कुणाला हलताच येईना, सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत वाळूत. काकीचा घोव, म्हणजे नवरा, सर्वांत पुढे.

सरांनी निगेटिव्ह दिली, रसायनं दिली आणि फक्त दोन फोटोंपुरतं पॅलेडियम दिलं. "तूच कर. पण पाणी बघून वापर."

हे शेवटचं वाक्य मी कानाआड केलं. का ते सांगते. सहा महिने मी पत्रकात लिहीत होते की आमच्या विहिरीसारखं पाणी जिल्ह्यात नाही. बंगल्याच्या बोअरमुळे ती आटतेय हा आमचा दुसरा मुद्दा होता. त्या पाण्यावर संशय घ्यायचा? मी?

सोमवारी सकाळी काकीच्या पडवीत ताडपत्र्या सोडून अंधार केला. दोन्ही कागदांना ब्रशनं रसायन लावलं, सुकवलं. पहिला निगेटिव्हखाली काचेत दाबून उन्हात ठेवला. बारा मिनिटांनी आत आणला. कागदावर फिकट सावलीखेरीज काही नव्हतं. काकी म्हणाली, "ह्येच्यापेक्षा माझो घोव काळोखात बरो दिसता."

"थांब गो काकी." चित्र उमटवणारा कोमट डेव्हलपर एका दमात ओतायचा असतो. हात थबकला की मध्ये रेघ उमटते. मी श्वास धरला आणि ओतला.

आणि धाडकन! दोर, पाय, वाळू, घोवाच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं एका क्षणात! मी किंचाळले. काकीनं माझा दंड धरला. "अगो बाय माझे! इलो!"

आता उरलं होतं निवळणं. कागदात राहिलेलं लोखंडाचं रसायन लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तीनदा बुडवून काढून टाकायचं. राहिलं तर कागद पिवळा पडतो. मी तिन्ही ट्रे विहिरीच्या पाण्यानं भरले, वर मग त्याच पाण्यात तासभर धुतलं. जितकं धुवावं तितकं आभाळ पिवळं. पांढऱ्या वाळूची पार हळद झाली.

काकी हसायला लागली. "तू ह्या विहिरीत धुतलंस? माझ्या झिलाचो शाळेचो शर्ट बघलंस नाय कधी? जांभ्याची विहीर ती. पांढऱ्या कपड्यांका ह्या पाणी लावचा नसता!"

जांभा दगडातल्या पाण्यात लोखंड! आणि मी लोखंड काढायला लोखंडानंच धूत बसले होते. हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं, पत्रक लिहिणारीला नव्हतं. एकच कागद उरला होता, सुनावणी उद्यावर आली होती, आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणायचं तर कसालच्या बाजारापर्यंत जायचं, तोवर ऊन उतरणार, असं मी काकीला रडवेली होऊन सांगितलं.

"बॅटरीचा पाणी व्हया?" काकी आत गेली आणि पाच लिटरचा कॅन घेऊन आली. "घे. इन्व्हर्टरात घालूक ठेवलंय. बंगल्याच्या एसीचा पाणी भायर ठिबाकता, मी खाली कॅन लावतंय."

"त्याच्या एसीचं?"

"मग? विहीर आटवता तो. एवढा तरी परत देऊ दे."

एसीचं पाणी हवेतलं, त्यात लोखंड कुठून येणार? दुसरा कागद उन्हात गेला, बारा मिनिटं मी घड्याळाशी भांडले. पुन्हा एका दमात ओतलं, पुन्हा सगळे धाडकन हजर. पहिल्या ट्रेत पाणी पिवळं झालं, दुसऱ्यात जेमतेम, तिसऱ्यात नितळ. शेवटच्या दोन लिटरमध्ये धुतलं. वाळू पांढरी राहिली. वाळल्यावरही पांढरी! मी पडवीभर नाचले, आणि काकी मला ओरडत ओरडत स्वतःही नाचली.

मंगळवारी साहेबांनी फोटो भिंगाखाली धरला. मग नोंदवहीत 'पुरावा दाखल' असं लिहिलं आणि शिक्का उचलला, नेमका घोवाच्या तोंडावर मारायला.

"साहेब!" काकी पुढे झाली. ऑफिसात तिची भाषा बदलते, पण अर्धीच. "शिक्का पाठीमागे मारा. तिकडे माझो घोव उभो आसा."

साहेबांनी फोटो पालथा केला, मागे शिक्का मारला आणि फाईलमध्ये घालायला दुमडू लागले.

"दुमडायचो नाय," काकी म्हणाली. "मोठी फाईल आणा."

मोठी फाईल येईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.