गच्चीवर ठेवलेलं पीठ

ब्रेड हा पाठ मी मुलींना शिकवायला घेतला, तेव्हा ब्रेडविषयी माझं वाचन पुष्कळ होतं. अनुभव मात्र तो चहात बुडवण्यापुरताच.

आमच्या मुली शाळेत जात नाहीत. सुलभा, माझी बायको, त्यांना घरीच शिकवायची. मागच्या वर्षी ती गेली आणि शिक्षकाची जागा मला मिळाली. (दुसरा अर्जच आला नव्हता.) भडगावच्या अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, हे मुळीच पटत नव्हतं. "शनिवारी संध्याकाळी येते," ती फोनवर म्हणाली. "पोरी काही शिकत नसतील, तर जूनपासून माझ्याकडे. भडगावला शाळा आहे अन् मी आहे."

मुली गेल्या, तर घरात उरणार मी आणि पुस्तकं. म्हणून शनिवारी सकाळी सुलभाची पाठांची वही उघडली. पाठ सतरावा, ब्रेड. "पीठ मळून, झाकून, उबदार जागी तासभर ठेवावे." पान संपलं.

मे महिन्यातल्या जळगावात उबदार जागा!

"बाबा," बारा वर्षांच्या रेवानं विचारलं, "आपल्याकडे थंड जागा कुठाय?"

शास्त्रात शंका विचारावी, पण शिक्षकाला नाही. मी पीठ मळून झाकलं, पातेलं उचललं आणि गच्चीवर नेलं. शेजारच्या काकूंनी तिथं पापडांसाठी खाट टाकून ठेवली होती, वर धुतलेली साडी, बाजूला पोळपाट-लाटणं. खाटेखाली पातेलं ठेवून मी खाली आलो आणि दाराला आतून कडी लावण्याआधी बाहेर पाटी अडकवली : 'प्रयोग चालू आहे. शांतता राखावी.'

मग आम्ही तिघं घड्याळासमोर बसलो.

"बाबा, डोकावून येऊ?" धाकटी मनू.

"नाही. शास्त्र म्हणजे धीर."

तासाभरानं वर गेलो. खाटेशी पदर खोचून अक्का बसली होती! हातात लाटणं, साडीवर चाळीस पापड, पातेलं रिकामं.

"सकाळचीच बस मिळाली," ती म्हणाली. "पाटी वाचली, म्हटलं नको आवाज करायला. बाहेरच्या जिन्यानं वर आले." (आमच्या घराण्यात लिहिलेलं सगळे पाळतात.) "मे महिना, गच्ची, झाकलेलं पीठ! दिलीप, एकट्यानं पापड करायला निघालास होय रे? बठ्ठं, सगळंच, लाटी टाकं मी!" रंगात आली की अक्का अहिराणीवर येते.

"अक्का, ते पीठ..."

"बिघडेल शे तुझं पीठ! हिंग नाही, मीठ कमी, अन् पापड बघ कसे..." तिनं एक पापड तळहातानं दाबला. शेजारचा फुगला. तो दाबला, तर पलीकडचे दोन! चाळीस पापडांच्या चाळीस उशा होत होत्या आणि अक्का एकटी लढत होती.

"आत्या, त्यात यीस्ट आहे," मनू म्हणाली. "ते जिवंत असतं."

अक्कानं हात झटकन मागे घेतला. "जित्तं शे?"

"साखर खातं आणि वायू सोडतं," रेवानं सांगितलं. "उन्हात जास्तच."

अक्कानं दोघींकडे नीट पाहिलं. "हे कोणी शिकवलं?"

"आईनं. बाबांनी फक्त फुगवून दाखवलं."

दुपारी ते पापड तव्यावर भाजून शेवभाजीबरोबर खाल्ले. अक्कानं सहा खाल्ले आणि हिंग हवा होता म्हणाली. हात धुऊन रेवानं वही घेतली आणि सतराव्या पाठाचं पान उलटलं. मला ते सुचलंच नव्हतं. मागे सुलभाच्या अक्षरात दोन ओळी होत्या. रेवानं मोठ्यानं वाचल्या :

"उन्हाळ्यात गच्चीवर ठेवू नये, कुणीतरी पापड लाटेल. (हे यांना दोनदा सांगावे.)"

अक्का हसता हसता थांबली. पदर डोळ्यांना लावला. मग वहीवर हात ठेवून म्हणाली, "पोरी आठेच, तुझ्याकडेच राहू दे. त्यांची मास्तरीण घरातच शे. तू फक्त मधे मधे करू नको!"

तेव्हापासून पाठ रेवा वाचते, मनू पाटीवर लिहिते आणि मी मागे बसतो. सध्या पान उलटायला शिकतो आहे. प्रगती बेताची आहे.