पन्नास किलोमीटरच्या आत

रोझविता सीबर्टला गप्प बसवणं आख्ख्या आयशेनरोडमध्ये कुणाला जमलं नव्हतं. तीस वर्षं ती आल्यागेल्या पाहुण्यांना गाव दाखवत होती. मिटलेली लाल छत्री उंच धरून पुढे ती, मागे चाळीस माणसं. बाजारचौक, नगरभवन, चांभारगल्ली, मग नदीवरचा दगडी पूल. बाकीच्यांना याला दीड तास लागे, रोझविताला अडीच. कुणी विचारलं की ही लाकडी घरं अशी वाकडी का, तर म्हणायची, "साहेब, चारशे वर्षं एका जागी उभं राहून बघा, मग तुमच्या कमरेबद्दल बोलू."

चांभारगल्लीतल्या सात नंबरच्या घरापाशी हमखास उशीर व्हायचा. त्या घराच्या कुजलेल्या तुळया तिच्या नवऱ्यानं, एकहार्टनं, बदलल्या होत्या. "जुनं लाकूड कुठलं आणि नवं कुठलं, दाखवा बरं ओळखून," असं म्हणून ती चाळीस माणसांना भिंतीला नाक लावायला लावायची. कुणाला ओळखता येत नसे. "आमचा माणूस तोंडानं बोलत नाही, हातानं बोलतो," असं म्हणून ती पुढे चालू लागायची. ती हे म्हणायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते बघायला एकहार्ट कधी तिथं नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्याकडे सुतारकाम शिकून झालं की तीन वर्षं आणि एक दिवस गाव सोडून फिरायचं, गावोगाव काम करत. काळी रुंद हॅट, काळा कॉर्डरॉयचा पोशाख, पाठीवर गाठोडं, हातात काठी. खिशात फोन नाही, एका जागी तीन महिन्यांवर मुक्काम नाही. आणि सगळ्यात कडक नेम म्हणजे घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. घरचं माणूस मरणाच्या दारात असेल तरच सूट.

एकहार्ट विशीत असाच निघाला होता. चौदाव्या महिन्यात आईचं पत्र आलं, मी मरायला टेकलेय, ये. तो धावत आला, तर आई ओट्यापाशी आलुबुखारांच्या केकचं पीठ मळत होती. पुढे एकोणीस वर्षं ती ठणठणीत जगली. पुन्हा निघायचं एकहार्टच्यानं झालं नाही. सुतारांच्या बैठकीत त्याचं नाव पडलं 'अर्ध्या वाटेचा एकहार्ट'. गुत्त्याचा मालक गेर्नोट बियर ओतताना दरवेळी विचारायचा, "तुझा ग्लास अर्धाच भरू ना रे?" एकहार्ट तिथं हसायचा. घरी येऊन तासभर बूट काढत बसायचा.

म्हणून त्यांची एकुलती एक यूडिथ सुतार झाली आणि हॅट घालून निघाली, तेव्हा गावाच्या पाटीपर्यंत पोचवायला गेलेला एकहार्ट चारचौघांत रडला. लोकांना वाटलं, पोर चालली म्हणून. रोझविताला ठाऊक होतं की तो आनंदानं रडतोय.

यूडिथची मुदत चार ऑक्टोबरला पुरी होणार होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत एकहार्टच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पानगळीपर्यंत धरून चला, पुढचं सांगता येत नाही.

"यूडिथला कळवते," रोझविता गाडीत बसतानाच म्हणाली.

"कळवायचं नाही."

"अरे, याला तर सूट असते. तिला कुणी नावं ठेवणार नाही."

"मी मरतोय, ये, हेच पत्र माझ्या आईनं पाठवलं होतं."

"ती नाटकं करत होती. तू खरंच..." रोझविता अडखळली.

"मरणारा खरा असला तरी पत्र तेच, रोझी. पोरीचे आठ महिने राहिलेत. मी थांबतो ना तोवर. शब्द दे मला."

तिनं शब्द दिला. आयुष्यभर जिभेला लगाम म्हणून नव्हता, आणि घातला तो इथं.

दर रविवारी यूडिथ जिथं कामाला असेल त्या मालकाच्या फोनवरून बोलायची. "बाबा कसा आहे?" "आहे की, कुरकुर चालू आहे." मग रोझविता नव्या पाहुण्यांचे किस्से सांगायची, जपानी आजीबाई कशा छत्री घेऊन तिच्याच पुढे चालू लागल्या ते. फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे रडलेलं बाहेर ऐकू जात नसे.

जूनमध्ये यूडिथ मार्बुर्गला एका जुन्या घराच्या छपरावर काम करत होती. मार्बुर्ग पन्नासच्या पलीकडे, आणि बंदी पोरीला होती, आईबापांना नव्हती. दोघं गाडी बदलून गेली. जन्मभर दुसऱ्यांना गाव दाखवणारी रोझविता त्या दिवशी स्वतः पाहुणी झाली. यूडिथ हॅट मागे सारून पुढे चालत होती आणि थेट आईच्या आवाजात सांगत होती, "मंडळी, मागे रेंगाळू नका, इथं माणसं हरवतात."

मार्बुर्ग म्हणजे नुसता चढ. रोझविता म्हणाली, "वरच्या गावाला लिफ्ट आहे."

"लिफ्टनं म्हातारी जातात," एकहार्ट म्हणाला आणि पायऱ्या चढू लागला. दर दहा पायऱ्यांनी तो थांबायचा आणि मान वर करून कुठल्या तरी घराच्या तुळया न्याहाळायचा. यूडिथला वाटलं, बाप सांधे बघतोय. तीही शेजारी उभी राहून बघायची.

"बाबा, किती वाळलास रे तू."

"तुझी आई कमी रांधते. बोलण्यात वेळ जातो ना तिचा."

यूडिथ हसली आणि आईकडे वळली. "खरं का गं?"

त्या क्षणी एकहार्ट रोझविताकडे बघत होता. ती नजर तिला पुढे पुष्कळ दिवस छळणार होती. तेव्हा तिला वाटलं, तो शब्दाची आठवण करून देतोय. ती म्हणाली, "सूप तर रोज करते. आवडत नाही त्याला." तिघांनी पायरीवर बसून सॉसेज आणि बटाट्याची कोशिंबीर खाल्ली. एकहार्टनं आपलं सॉसेज हळूच यूडिथच्या ताटलीत सरकवलं. संध्याकाळच्या गाडीनं दोघं परतली.

थांबतो म्हणाला होता, ते त्याच्या हातात नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला इस्पितळात हलवावं लागलं. एका दुपारी तो जागा होता, बऱ्यापैकी शुद्धीवर. छताकडे बघत म्हणाला, "मला वाटलं होतं, मार्बुर्गला तू बोलून टाकशील."

"तूच शब्द घेतला होतास."

"घेतला होता. पण तू कधी गप्प बसली आहेस आयुष्यात?" तो हसायला गेला आणि खोकला. "पोरगी हवी होती गं मला."

रोझविता धावत बाहेर गेली आणि तिनं मार्बुर्गच्या मालकाला फोन लावला. यूडिथचे तीन महिने भरले होते. ती उत्तरेकडे कुठं तरी गेली होती, पत्ता कुणाकडे नव्हता. या कारखान्यातून त्या कारखान्यात निरोप फिरत दोन दिवस गेले. यूडिथ वाटेत मोटारींना हात करत करत तिसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात पोचली. एकहार्ट आदल्या संध्याकाळी गेला होता.

दफनाला सगळे सुतार काळ्या हॅटा घालून आले. गेर्नोटही आला आणि मान खाली घालून उभा राहिला. माती टाकून झाल्यावर यूडिथनं विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून."

"म्हणजे मार्बुर्गला..."

"हो."

"बाबानं सांगू नको म्हटलं होतं?"

"शब्द घेतला होता."

यूडिथनं गाठोडं उचललं. सूट तेवढ्यापुरतीच होती, आणि मुदतीचे तेवीस दिवस उरले होते. रोझविता म्हणाली, "नको जाऊस." ती म्हणाली, "त्याला पुरं झालेलं हवं होतं. करून येते."

चार ऑक्टोबरला गावाच्या पिवळ्या पाटीपाशी पंधरावीस सुतार जमले. रीतीप्रमाणे यूडिथ पाटीवर चढली आणि तिनं स्वतःला अलीकडे झोकून दिलं. त्यांनी तिला अलगद झेललं, पाठ थोपटली, गाणी म्हटली. रोझविता जरा बाजूला उभी होती. यूडिथ तिच्याजवळ आली. ऊन लागून तिचा चेहरा रापला होता, ओठ फुटले होते.

"आई, हे तेवीस दिवस मी त्याच्यासाठी चालले. त्याला हेच हवं होतं ना? शेवटपर्यंत?"

हो म्हटलं असतं तर पोर निवांत घरी आली असती. रोझवितानं तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण त्या एका गोष्टीबद्दल ती सात महिने खोटं बोलली होती, आणि आता तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "शेवटी त्याला तू हवी होतीस. त्याला वाटलं होतं, मार्बुर्गला मला राहवणार नाही, मी सांगून टाकेन."

यूडिथनं हॅट काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

"आणि तू नेमकी त्याच दिवशी गप्प बसलीस."

ती गावाच्या दिशेनं चालू लागली. सुतार तिच्याभोवती गात निघाले. रोझविता दहा पावलं मागून निघाली. दोघींना घर एकच होतं, तिथंच जायचं होतं.